लढून जमेना म्हणून भरती केली : रोमचे जर्मन आणि खानदेशची भिल्ल पलटण

सुरत-भुसावळ रेल्वेलाईनवर नवापूर आणि नंदुरबारच्या मधे चिंचपाडा नावाचं छोटं स्टेशन लागतं. गावाच्या दक्षिणेला जे डोंगर सुरू होतात ते थेट गुजरातमधल्या डांगच्या जंगलात जातात. उत्तरेला तापी ओलांडली की सातपुडा. मावची, गावित, भिल्ल, पावरा असे आदिवासी समाज या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतात.

दोनशे वर्षांपूर्वी याच पट्ट्यानं ईस्ट इंडिया कंपनीला घाम फोडला होता. पेशवाई बुडवणाऱ्या कंपनीला १८१८ ते १८२५ अशी सात वर्षं खानदेशच्या डोंगरातले भिल्ल काही आवरता आले नाहीत. शेवटी त्यांनी जो मार्ग काढला तो नवा नव्हता. दीड हजार वर्षांपूर्वी रोमन बादशहांनी ऱ्हाईन नदीकाठी नेमकं हेच केलं होतं. ज्यांच्याशी लढायचं त्यांनाच पगारावर ठेवायचं.

यातून रोमचं काय झालं आणि खानदेशात काय झालं, हे शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

आधी रोमची भानगड काय होती?

रोमन साम्राज्याची युरोपातली हद्द दोन नद्यांवर होती. पश्चिमेला ऱ्हाईन, पूर्वेला डॅन्यूब. नदीच्या अलीकडे रोमन शहरं, शेतं, रस्ते. पलीकडे ज्यांना रोमन लोक सरसकट ‘जर्मन’ किंवा ‘रानटी’ म्हणायचे त्या टोळ्या. प्रत्यक्षात जर्मन असा एक समाज नव्हताच. अलमान्नी वेगळे, फ्रँक वेगळे, क्वादी वेगळे, गॉथ वेगळे. त्यांचे राजे वेगळे आणि आपसातली भांडणंही वेगळी.

चौथ्या शतकात रोमन सरदार आपसात लढण्यात गुंतले की या टोळ्या नदी ओलांडून आत यायच्या. इसवी सन ३५५ मध्ये बादशहा कॉन्स्टँटियसनं आपला चुलतभाऊ ज्युलियन याला गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये पाठवलं. वय अवघं तेवीस-चोवीस, आयुष्य पुस्तकं वाचण्यात गेलेलं, लढाईचा अनुभव शून्य. या पोरानं ३५७ मध्ये स्ट्रासबर्गजवळ अलमान्नींचा पार धुव्वा उडवला. त्या काळचा इतिहासकार अम्मिआनस सांगतो की रोमन सैन्य होतं १३ हजार आणि समोर ३५ हजार. मेले ते रोमचे २४३ शिपाई आणि चार अधिकारी, शत्रूचे सहा हजार. आकडे जिंकलेल्या बाजूचे आहेत, त्यामुळे चिमूटभर मीठ सोबत ठेवलेलं बरं. पण विजय मोठा होता यात शंका नाही. अलमान्नींचा राजा क्नोडोमार जिवंत पकडला गेला आणि पुढे रोममध्ये कैदेत मेला.

आता यातली गंमत बघा. त्या दिवशी रोमच्या बाजूनं जी पथकं सगळ्यात चिवटपणे लढली त्यात बटावी होते. बटावी म्हणजे ऱ्हाईनच्या मुखाकडचे जर्मनच. ‘जर्मनांवर रोमचा विजय’ असं जे आपण वाचतो, त्यात दोन्हीकडून मरणारे बरेचसे जर्मन होते.

ज्युलियनकडे कारिएट्टो नावाचा माणूस होता, त्याची गोष्ट तर सिनेमासारखी आहे. हा स्वतः टोळीवाला, धिप्पाड, आधी आपल्या लोकांबरोबर लूटमार करणारा. नंतर तो ट्रियर या रोमन शहरात येऊन राहिला. पलीकडून येणारे लुटारू गावं लुटतात आणि रोमन सैन्य त्यांना शोधू शकत नाही, हे त्यानं पाहिलं. मग तो एकटाच रात्री जंगलात शिरायला लागला. दारू पिऊन झोपलेल्या लुटारूंची मुंडकी कापून सकाळी शहरात आणून दाखवायचा. हळूहळू त्याला साथीदार मिळाले आणि टोळी झाली. ज्युलियननं त्याला पकडलं नाही, उलट कामावर घेतलं. दिवसा फौज लढणार, रात्री कारिएट्टोची माणसं जंगलात शिरणार. पुढे तो रोमन सेनापती झाला आणि रोमसाठीच लढताना अलमान्नींच्या हातून मारला गेला.

जंगल ज्याला माहीत आहे त्यालाच जंगलात पाठवा, एवढा हा साधा हिशेब.

तोच हिशेब खानदेशात

१८१८ मध्ये तिसरं इंग्रज-मराठा युद्ध संपलं. खानदेश कंपनीकडे आला. त्याची सुरुवातच रक्तानं झाली होती. फेब्रुवारी १८१८ मध्ये थाळनेरचा किल्ला घेतल्यावर जनरल हिस्लॉपनं किल्लेदाराला फाशी दिलं आणि आतली शिबंदी कापून काढली. मालेगावच्या किल्ल्यात अरब शिपायांनी जून महिन्यापर्यंत झुंज दिली. हे किल्ले पडले, पण डोंगर पडले नव्हते.

सातपुडा, सातमाळा, बागलाण, डांग या सगळ्या डोंगरांतून भिल्ल नाईक आपापली माणसं घेऊन होते. यांना ‘दरोडेखोर’ म्हणून कंपनीचे कागद मोकळे होतात. पण ते डोंगरात का गेले, याचा धागा थोडा मागे जातो.

खानदेशातले बरेच भिल्ल मुळात गावचे रखवालदार होते. गावाची राखण करायची आणि त्याबद्दल गावानं ठरलेला हक्क द्यायचा. डोंगराकडच्या नाईकांचे पायथ्याच्या गावांवर ‘गिरास’ नावाचे हक्क होते. १८०२-०३ च्या सुमारास होळकर-शिंद्यांच्या लढाया आणि त्यांच्या पाठोपाठ आलेला भयंकर दुष्काळ यांनी खानदेश ओसाड केला. गावंच उठली, तर हक्क देणार कोण? राखणदार डोंगरात गेले आणि पोटासाठी त्याच गावांवर उतरू लागले.

त्यावर मराठी राजवटीच्या अखेरच्या काळात अधिकाऱ्यांनी जो इलाज केला तो विसरण्यासारखा नाही. पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यानं १८०४ मध्ये कोपरगावला भिल्लांना बोलणीच्या निमित्तानं बोलावलं आणि त्यांना विहिरींत ढकलून मारलं. चांदवड, धरणगाव, अंतूर किल्ला इथंही अशाच कत्तली झाल्या. सरकारी माणूस बोलावतो तेव्हा जायचं नाही, हे त्यानंतरच्या पिढीला कुणी शिकवायची गरज उरली नाही.

रोमनांनीही हेच केलं होतं, आणि तेही वारंवार. ३६१ मध्ये अलमान्नींचा राजा वाडोमार याला जेवणाच्या पंगतीतून उचललं. ३७४ मध्ये क्वादींचा राजा गाबिनियस याला जेवायला बोलावून ठार केलं. त्यामुळे चिडलेल्या क्वादींनी डॅन्यूब ओलांडून धुमाकूळ घातला. पुढच्या वर्षी त्यांचे वकील बादशहा व्हॅलेंटिनियनकडे माफी मागायला आले. ‘तुम्ही आमच्या हद्दीत किल्ला बांधायला घेतला म्हणून हे झालं’ असं त्यांनी म्हणताच बादशहा इतका संतापला, की ओरडता ओरडता त्याला झटका आला आणि तो तिथंच गेला.

तर अशा अविश्वासाच्या वातावरणात कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा कारभार बघायला आला. त्यानं दोन्ही उपाय एकदम सुरू केले. एकीकडे डोंगराला जाणारं धान्य आणि सामान अडवायचं, तुकड्या पाठवून नाईकांना पकडायचं. दुसरीकडे जे खाली येतील त्यांना तनखा द्यायचा, घाटांची राखण त्यांच्याकडे सोपवायची. सातमाळ्यातला चिल नाईक पकडला गेला आणि फासावर चढला. पण एक नाईक गेला की दुसरा उभा राहायचा. त्रिंबकजी डेंगळ्याचा पुतण्या गोदाजी याच्यासारखे जुन्या राजवटीतले लोकही भिल्लांना चिथावत होते. पावसाळ्यात आणि त्यानंतर डोंगरात हिवताप असा पसरायचा, की गोळीपेक्षा तापानं जास्त शिपाई आडवे व्हायचे.

१८२५ मध्ये बागलाणात एक वेगळंच प्रकरण झालं. शिवराम नावाच्या सोनारानं साताऱ्याच्या महाराजांच्या नावानं खोटी पत्रं तयार केली आणि त्यांच्या जोरावर शेकडो भिल्ल गोळा केले. हा उठाव मोडायला जी तुकडी गेली, तिच्यावर जेम्स आउट्रम नावाचा बावीस वर्षांचा लेफ्टनंट होता. ज्युलियनसारखाच पोरगेला. फरक एवढाच की याला पुस्तकांपेक्षा शिकारीचा नाद होता.

त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानं धोरण बदललं. चाळीसेक वर्षांपूर्वी आजच्या झारखंडमधल्या राजमहाल टेकड्यांत ऑगस्टस क्लीव्हलँड या अधिकाऱ्यानं पहाडी आदिवासींची पलटण उभी केली होती. तोच प्रयोग खानदेशात करायचं ठरलं. खानदेशाचे तीन भाग करून तीन ‘भिल्ल एजन्सी’ नेमल्या. वायव्येच्या एजन्सीत नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर आणि डांग. आजचा नवापूर-चिंचपाड्याचा पट्टा याच बाजूला येतो. या एजंटांचं काम होतं भिल्लांना जमीन, बैल, बी-बियाणं आणि उचल देऊन शेतीला बसवणं. आणि आउट्रमचं काम होतं भिल्लांची फौज उभी करणं. तिचं मुख्य ठाणं धरणगाव.

पण फौजेत येणार कोण? कोपरगावची विहीर सगळ्यांना माहीत होती.

आउट्रमनं आधी एका मुक्कामावर छापा घालून काही लोक पकडले. त्यांच्या नातेवाईकांमार्फत नाईकांशी बोलणं सुरू केलं. मग तो एकटा, पहारा न घेता, त्यांच्या जंगलात जाऊन राहिला. सोबत ब्रँडी होती, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. शिकार एकत्र, जेवण एकत्र. इतकं करून सुरुवातीला तयार झाले ते पाच जण.

या पाचांचे पुढे शेकडो झाले. भरती झालेल्यांत जे आधी डोंगरातून छापे घालायचे तेही होते. इतर पलटणींचे शिपाई जातीनं आणि ऐटीनं वरचे, ते या लंगोटीवाल्या भिल्लांना हसतील अशी भीती होती. मालेगावला गाठ पडली तेव्हा आउट्रमच्या जुन्या पलटणीतल्या शिपायांनी भिल्लांना शेजारी बसवून पान-सुपारी दिली. इंग्रज कागदांत याची आवर्जून नोंद आहे, कारण नव्या पलटणीचं भवितव्य त्या पानावर अवलंबून होतं म्हटलं तरी चालेल.

सरकारी डगला चढवलेले भिल्ल मग इतर भिल्लांना शोधायला निघाले. १८३० मध्ये आउट्रमनं याच लोकांना घेऊन डांगवर स्वारी केली. ज्या जंगलात जायला नियमित फौजा कचरत होत्या ते काही महिन्यांत कंपनीच्या हाताखाली आलं. कारिएट्टोचा हिशेब पुन्हा बरोबर आला होता. १८३५ मध्ये आउट्रम गुजरातेत गेला आणि पुढे १८५७ मध्ये लखनौच्या लढाईत गाजला. खानदेशातल्या दहा वर्षांत त्यानं शंभराहून जास्त वाघ मारले ते वेगळंच.

मग रोम बुडालं आणि कंपनी का नाही बुडाली?

रोमचं गणित ३७६ नंतर बिघडलं. हूणांच्या भीतीनं हजारो गॉथ कुटुंबं डॅन्यूबच्या काठावर येऊन आश्रय मागू लागली. बादशहा व्हॅलेन्सला वाटलं, फुकटात फौज मिळतेय. आत घेतलं. पण रोमन अधिकाऱ्यांनी त्यांच्या उपासमारीचा धंदा केला. कुत्र्याच्या मांसाच्या बदल्यात त्यांची मुलं गुलाम म्हणून घेतली, असं अम्मिआनसच लिहितो, आणि तो रोमचा माजी सैनिक होता. गॉथ उठले. ९ ऑगस्ट ३७८ रोजी एड्रियानोपल इथं, म्हणजे तुर्कस्तानातल्या आजच्या एदिर्नेजवळ, पूर्वेच्या रोमन फौजेचा दोन तृतीयांश भाग आणि खुद्द व्हॅलेन्स एका दुपारी संपले.

या पराभवानंतर आशियातल्या शहरांमध्ये रोमच्या सैन्यात भरती झालेले गॉथ तरुण होते. सेनापती ज्युलियस यानं हुकूम काढला की पगार घ्यायला अमुक दिवशी शहराबाहेर जमा. जमले, आणि एकूण एक मारले गेले. पगाराची तारीख सांगून.

३८२ मध्ये नवा बादशहा थिओडोसियस यानं गॉथांशी तह केला. त्यांना साम्राज्याच्या आत जमीन दिली आणि त्या बदल्यात रोमसाठी लढायचं ठरलं. मात्र आपल्याच सरदारांच्या हाताखाली, आपल्याच लोकांसोबत. म्हणजे एक आख्खी फौज, तिचा सेनापती आणि तिची जमीन हे सगळं रोमच्या पोटात, पण रोमच्या हाताबाहेर. ३९४ च्या यादवी लढाईत थिओडोसियसनं या गॉथांना पुढे घातलं आणि ते हजारोंनी मेले. त्यातून वाचलेला एक सरदार होता अलारिक. त्याला हवं होतं रोमन सैन्यातलं पक्कं पद आणि माणसांना धान्य. ते मिळेना, कधी मिळालं तर टिकेना. ऑगस्ट ४१० मध्ये त्यानं रोम शहर लुटलं. शहराबाहेर उभा असलेला तो माणूस परका शत्रू नव्हता, थकबाकी मागायला आलेला नोकर होता.

इंग्रजांनी हे होऊ दिलं नाही, त्यात शहाणपण होतं तसं नशीबही. भिल्ल पलटण काहीशे माणसांची ठेवली, तिच्यावरचे अधिकारी गोरे ठेवले. एका नाईकाच्या हाताखाली एक आख्खी फौज कधी बांधली नाही. आणि १८२५ मध्ये कंपनीच्या राज्याचं केंद्र भक्कम होतं, रोमसारखं आपसात लढत नव्हतं.

पण केंद्र हललं तेव्हा खानदेशातही तेच दिसलं. १८५७ मध्ये या भागात जे उठले त्यातले बिनीचे लोक सरकारी पगारावर राहिलेले होते.

खाज्या नाईक मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सेंधवा घाटाचा राखणदार. ब्रिग्जनं सुरू केलेल्या घाटराखणीच्या पद्धतीतलाच माणूस. पकडलेल्या एका इसमाच्या मृत्यूवरून त्याची नोकरी गेली, तुरुंगवास झाला. १८५७ ची धामधूम सुरू झाल्यावर गरज पडली म्हणून सरकारनं त्यालाच परत नेमलं. थोड्याच दिवसांत तो भीमा नाईकासह उठला आणि सेंधव्याजवळ सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. नगर-नाशिककडे भागोजी नाईक उठला, तो पूर्वी पोलिसात होता. ऑक्टोबर १८५७ मध्ये नांदूर-शिंगोट्याच्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री हा पोलीस अधिकारी त्याच्या लोकांकडून मारला गेला. भागोजी स्वतः १८५९ मध्ये लढताना पडला.

११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात आंबापाणी इथं मोठी लढाई झाली. खाज्या आणि भीमा नाईकांच्या बाजूनं भिल्ल, आणि इंग्रजांच्या फौजेतही धरणगावच्या पलटणीचे भिल्ल. स्ट्रासबर्गला बटावी ज्या जागी उभे होते, तिथं आता हे होते. लढाईनंतर शेकडो स्त्रिया पकडल्या गेल्या आणि अनेक कैद्यांना जागच्या जागी लष्करी कोर्ट बसवून गोळ्या घातल्या. १८६० मध्ये खाज्या नाईकाचा विश्वासातल्या माणसाकरवी घात झाला. भीमा नाईक अंदमानात गेला आणि परत आला नाही.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अलमान्नींनी आणि गॉथांनी या लढायांबद्दल स्वतः काही लिहून ठेवलं नाही. जे आहे ते अम्मिआनससारख्या रोमन माणसांचं. खानदेशातही लेखी पुरावा आहे तो कंपनीच्या पत्रांचा आणि १८८० च्या खानदेश गॅझेटियरचा. त्या पाच जणांनी आउट्रमवर विश्वास का ठेवला, हे आपल्याला आउट्रमच सांगतो. ब्रँडीमुळे, असं त्याचं मत. घरात दाणा नव्हता आणि गावचा हक्क बुडाला होता, हे कारण त्याच्या लिखाणात मागे पडतं.

डांगच्या राजांना मात्र कंपनीनं गिळलं नाही. त्यांचे जे हक्क होते त्याबदल्यात रक्कम ठरवून दिली आणि १८४२ मध्ये त्यांच्याकडून सागाची जंगलं भाडेपट्ट्यानं घेतली. अक्कलकुवा-तळोद्याकडच्या काठी आणि इतर मेवासी संस्थानांशीही अशीच वेगळी व्यवस्था राहिली. काठीची राजवाडी होळी बघायला आजही लांबून लोक येतात. आणि चिंचपाड्याच्या दक्षिणेचे डोंगर उतरून गेलं की आहव्याला दरवर्षी होळीच्या आधी डांग दरबार भरतो. गाढवी, आमाळा, वासुर्णा, दहेर आणि पिंपरी या पाच घराण्यांचे वारसदार बग्गीतून मिरवत येतात, आणि सरकारी प्रतिनिधी त्यांना मंचावर मानानं वर्षाचं राजकीय पेन्शन देतात.